मशीन रिकामं चाललं की घूं-घूं करतं. गव्हर्नरची स्प्रिंग आवळू का?

वाचकाचं पत्र: 'माझ्याकडे गवत कापायचं पेट्रोलचं मशीन आहे. फोर स्ट्रोक, एका सिलिंडरचं, मागून ढकलायचं. चार वर्षं तक्रार नव्हती. मध्यंतरी तीन महिने ते टाकीतल्या पेट्रोलसकट पडून राहिलं. आता दोरी ओढली की चालू होतं, पण आवाज एकसारखा येत नाही. घूंऽऽ करून चढतो, बसतो, पुन्हा चढतो, सेकंद-दोन सेकंदांनी तेच. दाट गवतात घातलं की जवळजवळ नीट चालतं, बाहेर काढलं की पुन्हा सुरू. चोक अर्धा ओढून ठेवला तर शांत होतं. प्लग नवा घातला, फरक पडला नाही. एका ओळखीच्याने गव्हर्नरची स्प्रिंग आवळायला सांगितलं आहे, दुसऱ्याने इंजिनच बदला म्हटलं आहे. काय करू?'

नमस्कार.

स्प्रिंगला हात लावू नका आणि इंजिनही बदलू नका. निदान तुमच्याच पत्रात आहे. पेट्रोल तीन महिने टाकीत पडून होतं, दाट गवतात मशीन नीट चालतं आणि चोक अर्धा ओढला की शांत होतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी दुसरीकडे कुठे शोधत बसत नाही, थेट कार्बोरेटरकडे जातो, म्हणजे हवा आणि पेट्रोल जिथे मिसळतात त्या भागाकडे. त्यातल्या एका बारीक छिद्रात वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा बसला असणार. इंजिन हवा भरपूर ओढतंय, पेट्रोल मात्र कमी पडतंय.

स्प्रिंगचा विषय आधी मिटवतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग एकसारखा राखणारी यंत्रणा. बहुतेक मशीनच्या गव्हर्नरमध्ये, इंजिनाच्या पोटात तेलात फिरणाऱ्या एका दातेरी चाकावर छोटी वजनं बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि एका दांडीच्या मदतीने थ्रॉटलची झडप, म्हणजे इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप, मिटवायला बघतात. स्प्रिंग त्याच झडपेला उघडी ओढत असते. या दोघांची ओढाताण जिथे बरोबरीत सुटते, तो तुमच्या मशीनचा वेग. बहुतेक मशीनवर तो मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास असतो, काहींवर थोडा वर.

आता पेट्रोल कमी पडलेलं इंजिन डोळ्यांसमोर आणा. मिश्रण पातळ, म्हणून जोर कमी, म्हणून वेग पडतो. वेग पडला की वजनं मिटतात आणि स्प्रिंग झडप उघडते. झडप उघडल्याबरोबर कार्बोरेटरमधून हवेचा लोंढा जातो, तो मोठ्या जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा) पेट्रोल खेचतो आणि इंजिन उसळी मारतं. उसळी मारली की वजनं फाकतात, झडप मिटते, पेट्रोल पुन्हा तुटतं, वेग पुन्हा पडतो. तुम्हाला ऐकू येणारं घूं-घूं ते हेच. मेकॅनिक लोक याला हंटिंग म्हणतात. गव्हर्नर यात बिघडलेला नसतो. पडणारा वेग तो दर वेळी इमानदारीने सावरत असतो.

गव्हर्नर असा झोके का खातो, हा प्रश्न जुना आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. गव्हर्नर लावलेलं यंत्र कधी स्थिरावतं आणि कधी त्याचे झोके वाढत जातात, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. तुमच्या मशीनमधली वजनं त्या गोळ्यांचीच धाकटी भावंडं आहेत.

स्प्रिंग आवळली तर काय होईल? इंजिनाची उपासमार तशीच राहील, वेग मात्र वाढेल. ५० सेंमी लांबीचं पातं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या वर असतो. इंजिन आणि पातं एका ठरावीक वेगासाठीच बनवलेली आहेत, आणि त्या वेगाची मर्यादा ही स्प्रिंग राखते. ती ताणली, वाकवली किंवा दुसऱ्या भोकात अडकवली तर पात्याखालून उडणारा खडा गोळीसारखा जातो आणि इंजिनाच्या आतला कनेक्टिंग रॉड तुटायची वेळ येते. तुम्हाला सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण हे काम करू नका.

आता दाट गवताचं कोडं. मशीन रिकामं चालतं तेव्हा आवाज मोठा असतो, म्हणून झडप सताड उघडी असेल असं आपल्याला वाटतं. असतं नेमकं उलटं. ओझं काहीच नाही, त्यामुळे एवढा वेग राखायलाही गव्हर्नर झडप जवळजवळ मिटूनच ठेवतो. मिटलेल्या झडपेपाशी मोठं जेट फारसं काम करत नाही, पेट्रोल येतं ते पायलट जेटच्या वाटेने, म्हणजे सगळ्यात बारीक छिद्रातून. पेट्रोल वाळलं की पहिल्यांदा तेच बुजतं. गवतात घातलं की ओझं येतं, झडप उघडते, मोठं जेट काम हातात घेतं आणि इंजिन सावरतं. म्हणून रिकामं असताना हंटिंग आणि गवतात ठीक, असं असलं की संशय आधी पायलट जेटवर. तुमचं मशीन गवतात 'जवळजवळ' नीट चालतं असं तुम्ही लिहिलंय. तो 'जवळजवळ' मला महत्त्वाचा वाटतो. मोठ्या जेटवरही थोडा थर आला असावा, तेव्हा दोन्ही साफ करा.

चोकची चाचणी तुम्ही नकळत केलीत आणि ती उत्तम चाचणी आहे. चोक ओढला की हवा कमी होते, मिश्रण घट्ट होतं. त्याने इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी पडत होतं किंवा जास्तीची हवा कुठून तरी शिरत होती. त्याने इंजिन आणखी गुदमरून काळा धूर टाकायला लागलं असतं, तर गोष्ट उलट होती आणि मी तुम्हाला एअर फिल्टर आणि फ्लोटची सुई (कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी) बघायला सांगितलं असतं. काही मशीनना चोकऐवजी पेट्रोल पंप करायचा रबरी फुगा असतो. तिथे इंजिन चालू असताना फुगा हलकेच दाबून बघायचा, क्षणभर आवाज सुधारला तर निदान तेच. पण चोक अर्धा ओढून रोज काम चालवू नका. ओझं आलं की मिश्रण फार घट्ट होतं, प्लग काळा पडतो आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेल पातळ करतं.

कामाला बसण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला करा. मशीन बंद आहे, हँडलवरचा दांडा सोडलेला आहे, म्हणून धोका नाही असं समजू नका. पातं हाताने फिरवलं की इंजिन फिरतं, आणि गरम इंजिन तेवढ्यानेही एखादा ठोका देऊ शकतं. काम मोकळ्यावर करा, इंजिन पूर्ण गार झाल्यावर करा, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. बंद गॅरेजमध्ये चाचणीसाठीसुद्धा इंजिन चालू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सुरुवात पेट्रोलपासून. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. ते ताज्यात मिसळून 'संपवून टाकू' असं करू नका, तीन महिन्यांचं पेट्रोल या छोट्या इंजिनाच्या कामाचं नाही. पेट्रोलमधला हलका, पटकन पेटणारा भाग आधी उडून जातो. हा ऱ्हास महिनाभरातच सुरू होतो आणि मागे डिंकासारखा चिकटा राहतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते हवेतला ओलावाही शोषतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिन ओढतं ते तळातूनच. बहुतेक छोट्या इंजिनांचे उत्पादक १० टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल चालवून घेतात, त्यापुढे नाही. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत हा आकडा असेल, तो एकदा बघून ठेवा. काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत तासभर ठेवलं तर तळाशी पाण्याचा वेगळा थर आहे का ते दिसतं. मग ते पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

टाकी रिकामी असतानाच नळी आणि पेट्रोलचा फिल्टर बघा. नळी आतून फुगली असेल किंवा बोटाने दाबल्यावर चिरा दिसत असतील तर बदला. नळीचं कार्बोरेटरकडचं टोक काढून, थोडं ताजं पेट्रोल घालून भांड्यात सोडून बघा. धार सलग यायला हवी. सुरुवातीला चांगली आणि मग थेंब-थेंब येत असेल तर टाकीचं झाकण सैल करा. तेवढ्याने धार परत आली तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय, बाकी काही नाही. झाकणाचं दुखणं सहसा दहा-पंधरा मिनिटांनी मशीन बंद पडण्यात दिसतं, तुमचं तसं वाटत नाही, पण एका मिनिटाची तपासणी आहे.

आता कार्बोरेटर. इथे घाई करू नका, अर्धा दिवस हाताशी ठेवा. काहीही सोडवण्याआधी फोन काढून चारी बाजूंनी फोटो घ्या. गव्हर्नरची तार कुठल्या भोकात आहे, स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, बारीक स्प्रिंगचं टोक कुठल्या बाजूने वळलंय, हे सगळं फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. शेजारी-शेजारी तीन-चार भोकं असतात आणि तासाभराने कोणतं ते आठवत नाही. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा फोटो घेतले नव्हते, आणि जेट साफ करायला जेवढा वेळ गेला त्याच्या दुप्पट वेळ तारा बसवण्यात गेला.

पेट्रोलचा कॉक बंद करा, कॉक नसेल तर नळीला चिमटा लावा. कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी एका बोल्टवर असते, ती सोडवा आणि आतलं पेट्रोल ओतून न देता पांढऱ्या भांड्यात घ्या. पाण्याचे मणी तळाशी घरंगळताना दिसतील, गंज असेल तर तपकिरी कण दिसतील, वाटीच्या भिंतीवर पिवळट चिकट थर असेल. काही कार्बोरेटरमध्ये वाटीचा बोल्ट हाच जेट असतो, त्याच्या अंगावर एक-दोन अतिबारीक छिद्रं असतात. तसा असेल तर त्याला साधा बोल्ट समजून बाजूला टाकू नका, अर्धं दुखणं तिथेच असू शकतं. वाटीचं रबरी रिंग फुगलेलं असलं तर नवीन घाला.

मधल्या खांबात खालून मोठं जेट बसलेलं असतं. पितळ मऊ असतं, म्हणून खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरा. जेटच्या वर एक पोकळ नळी असते, तिच्या अंगावर आडवी बारीक छिद्रं असतात आणि पेट्रोलमध्ये हवेचे बुडबुडे तिथे मिसळतात. ती सहसा हलकेच ठोकल्यावर खाली घसरते. ती तशीच आत ठेवून वरवर फवारा मारला की माणूस 'साफ केलं तरी फरक नाही' म्हणतो. पायलट जेट बहुधा वर किंवा बाजूला, थ्रॉटलच्या थांब्याच्या स्क्रूजवळ असतं. पुष्कळ ठिकाणी ते प्लास्टिकचं, छोट्या टोपीसारखं असतं आणि स्क्रू काढला की ओढून निघतं. तो स्क्रू काढण्याआधी किती फेरे आत आहे ते मोजून लिहून ठेवा.

प्रत्येक जेट उजेडासमोर धरून त्यातून बघा. छिद्र स्वच्छ असेल तर उजेडाचा गोल, कडा स्पष्ट असलेला ठिपका दिसतो. ठिपका चंद्रकोरीसारखा किंवा धूसर दिसला तर थर आहे. उजेड दिसतोय म्हणजे साफ आहे असं समजू नका, इथे बहुतेकांची फसगत होते. छिद्राचा व्यास फक्त १० टक्क्यांनी कमी झाला तरी त्याचं क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटतं. डोळ्यांना न जाणवणारा थर इंजिनाला चांगलाच जाणवतो.

साफ करायला कार्बोरेटर क्लीनर आणि विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते. सुई, टाचणी किंवा ड्रिलचं पातं घालू नका. स्टील पितळाला ओरखडतं, छिद्र मोठं होतं, आणि मोठं झालेलं छिद्र कमी करता येत नाही. तांबं मऊ असल्याने तेच झिजतं. रबरी रिंगा आणि फ्लोट आधी काढून ठेवा, क्लीनर रबराला फुगवतो. जेट तासभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, मग तार, मग फवारा, मग दाबाची हवा. कार्बोरेटरच्या अंगातल्या प्रत्येक भोकात फवाऱ्याची नळी लावा आणि तो दुसरीकडून कुठे बाहेर येतो ते शोधा. बाहेर आलाच नाही तर ती वाट बंद आहे. हे करताना डोळ्यांना चष्मा हवाच. एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून सरळ तोंडावर येतो.

वाट साफ झाली की जोडताना पॅकिंगकडे लक्ष द्या, कारण पेट्रोल कमी पडल्यासारखं वागण्याचं दुसरं मोठं कारण तिथे असतं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड प्लास्टिकचा ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पॅकिंग असतं. ते फाटलं, ठोकळ्याला तडा गेला किंवा नट सैल झाले की इंजिन तिथून चोरटी हवा ओढतं. लक्षणं तंतोतंत बुजलेल्या जेटची: हंटिंग, आणि चोक ओढल्यावर शांत. कार्बोरेटर काढलाच आहे तर दोन्ही पॅकिंग नवी घाला. आणि ती पूर्वी जशी होती तशीच बसवा. काही पॅकिंगना एका कोपऱ्यात छोटं छिद्र किंवा खाच असते, ती वाटीत हवा जाण्याची वाट. पॅकिंग उलटं बसलं की ती बंद होते आणि तुम्ही साफ केलेला कार्बोरेटर पहिल्यापेक्षा वाईट चालतो. नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा, एकच बाजू पूर्ण आवळली तर तोंड वाकतं आणि हवा कायमची शिरत राहते.

चोरटी हवा शोधायला काही जण चालू इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असताना मला ते पटत नाही. बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक तुषार सांध्यावर मारा, प्लगवर जाऊ देऊ नका. एखाद्या जागी मारल्यावर आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथून शिरतेय.

एअर फिल्टर काढून बघा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तर दोन-चार थेंब तेल चोळा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, आपटून धूळ जात नसेल तर नवा. घाण फिल्टर मिश्रण घट्ट करतो, म्हणून तुमच्या तक्रारीचं मूळ तो नाही. फिल्टरशिवाय मशीन चालवू नका, धूळ सिलिंडर खाते.

नवा प्लग घातलात ते वाया गेलं नाही. आठवड्याभराने तो काढून त्याचा रंग बघा. पांढरट, कोरडा म्हणजे अजून पेट्रोल कमी. काळी काजळी म्हणजे जास्त. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. टोकांमधलं अंतर बहुतेक मशीनना ०.७ ते ०.८ मिमी लागतं, फिलर गेजने मोजा, डब्यातून आलेलं अंतर बरोबरच असेल असं नाही.

जुना प्लग दोषी असता तर आवाजच वेगळा असता, हे सांगून ठेवतो, पुढे कधी उपयोगी पडेल. करंट तुटला की इंजिन मिसिंग मारतं. त्याला ताल नसतो. मधेच गचका, मधेच सायलेन्सरमधून फट्, पुन्हा चार सेकंद नीट. इंजिन गार असताना छान आणि वीस मिनिटांनी तापल्यावर मिसिंग सुरू झालं तर कॉइलवर, म्हणजे प्लगला करंट देणाऱ्या भागावर, संशय घ्यायचा. आवाज झोपाळ्यासारखा तालात वर-खाली होत असेल तर पेट्रोल आणि हवेकडे जायचं. मशीन उघडण्याआधी दोन मिनिटं उभं राहून ऐकावं, त्यात पुष्कळसे नको ते सुटे भाग विकत घेणं वाचतं.

तुमच्या पत्रात नाही, पण विचारतो: पातं साफ करायला मशीन आडवं केलं होतं का? करायचं असेल तर प्लग किंवा एअर फिल्टर वरच्या बाजूला येईल असं. कोणती बाजू ते पुस्तिकेत असतं. उलट्या बाजूला कलंडलं की तेल फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये उतरतं, मग निळसर पांढरा धूर येतो आणि इंजिन अडखळतं. फिल्टर तेलाने भिजलेला निघाला तर कार्बोरेटर उघडण्याआधी हे आठवा. तेलाची पातळीही कांडीवर बघा, जास्त भरलेलं तेल याच वाटेने वर येतं.

दुसरा प्रश्न: पातं एवढ्यात कधी दगडावर किंवा मुळावर आपटलं होतं का? अशा मशीनवर पात्याचं वजन फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणाऱ्या जड चाकाचं, थोडं काम करतं. पातं सैल असेल तर इंजिन खडखडतं, दोरी हातातून हिसका मारते. आणि जोराचा फटका बसला तर फ्लायव्हीलखालची छोटी किल्ली थोडी कापली जाते, मग ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. असा फटका बसलेला असेल तर ते काम मेकॅनिकला द्या, फ्लायव्हील काढायला ओढणारं हत्यार लागतं. फटका बसलेला नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

समजा सगळं साफ केलं, पॅकिंग नवी घातली आणि तरी हंटिंग आहे, तर मग गव्हर्नरच्या जोडण्यांकडे या. तेव्हाही काही वाकवायचं नाही, नुसतं हाताने तपासायचं. इंजिन बंद असताना थ्रॉटलची झडप बोटाने हलवा. ती लोण्यासारखी फिरली पाहिजे. मळाने अडखळत असेल तर तिचा दांडा साफ करा. गव्हर्नरच्या तारेभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती तारेतला खुळखुळा काढून टाकते. ती गळून पडली किंवा ताणली गेली असेल तर इंजिन हंटिंग करतंच, आणि ही स्प्रिंग सहज नवीन मिळते. काही मशीनमध्ये पोटातल्या वजनांऐवजी फ्लायव्हीलच्या वाऱ्यावर हलणारं प्लास्टिकचं पातं असतं, त्यात सुकलं गवत अडकतं, तेवढं काढायचं. थ्रॉटलचा दांडा कार्बोरेटरच्या अंगात डुगडुगत असेल तर तिथूनही हवा शिरते, आणि त्याला साफसफाईचा उपाय नाही.

अशा वेळी आणि पायलट जेटची वाट काही केल्या उघडत नसेल तेव्हाही नवा कार्बोरेटर घ्या. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. मात्र इंजिनावर कोरलेला मॉडेल आणि टाइपचा पूर्ण क्रमांक देऊनच घ्या. दिसायला सारखे असलेले दोन कार्बोरेटर जेटच्या मापात वेगळे असतात, आणि चुकीच्या जेटचा नवा कार्बोरेटर हंटिंगच करतो. मग माणूस पुन्हा स्प्रिंगकडे वळतो. व्हॉल्व्हचं अंतर हा त्यापुढचा टप्पा. गार इंजिनावर ते बहुतेकदा ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत. पण दोरी ओढल्यावर मशीन पटकन चालू होतंय, गवतात जोर आहे, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगलं आहे. इंजिन बदला म्हणणाऱ्याला एवढं एक वाक्य सांगा.

जोडून झालं की ताजं पेट्रोल भरा, कुठे थेंब गळतोय का पाच मिनिटं बघा, मग प्लगची टोपी लावा. मोकळ्यावर चालू करा, गरम होऊ द्या, चोक पूर्ण उघडा. काही सेकंद इकडेतिकडे झालं तर घाबरू नका, वाटी भरून वाटा ओल्या व्हायला वेळ लागतो. त्यानंतर पाच मिनिटं रिकामं चालू ठेवून ऐका. दाट गवतात लगेच नेऊ नका, तिथे ते आधीही चालत होतंच. परीक्षा रिकाम्या चालण्याची आहे. थांब्याचा स्क्रू काढला असेल तर मोजलेल्या फेऱ्यांवर परत आणा आणि तिथेच सोडा.

पुढच्या वेळी मशीन महिन्यापेक्षा जास्त पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि मग वाटीचा खालचा स्क्रू सोडवून उरलेलं चमचाभर पेट्रोलही काढून घ्या. ते चमचाभरच पायलट जेट बुजवतं, आणि नुसतं बंद पडेपर्यंत चालवल्याने ते संपत नाही.

वाटी उघडलीत की तळाशी काय दिसलं, चिकटा, पाणी की गंज, ते मला जरूर कळवा. गंज निघाला तर टाकीचं काम वेगळं करावं लागेल, त्याबद्दल सविस्तर लिहीन.